‘ड्राफ्टिंग आहे ते, मनावर घेऊ नका’ : सोलापूरच्या वकील मंडळींना खुले पत्र

सोलापुरात कौटुंबिक आणि दिवाणी कामं चालवणाऱ्या सर्व वकीलसाहेबांना आणि मॅडमना,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एकांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, “अण्णा, ड्राफ्टिंग आहे ते. मनावर घेऊ नका.” मी चहा प्यायलो. पैसेही त्यांनीच दिले. चहा पोटात गेला, वाक्य मात्र घशातच अडकलंय.

तुम्ही मला ओळखता. कोर्टाच्या आवारात पत्र्याखाली बसून १९८९ पासून टायपिंग करतो. आधी गोदरेजचं मराठी मशीन आणि चार कार्बन, मग कॉम्प्युटरवर श्रीलिपी, आता युनिकोड. तुमच्यातल्या कित्येक सीनियरांचा पहिला दावा माझ्या मशीनवर उमटलाय. उन्हाळ्यात पत्रा तापला की शाई बोटाला लागायची आणि तुमच्या कोटाच्या बाहीला. तुमच्या कामावर माझं घर चाललं, मुलीचं शिक्षण झालं, हे आधीच कबूल करतो. हे पत्र वाचून उद्यापासून किती जण शेजारच्या टेबलावर जातील याचा हिशेबही मनाशी केलाय.

कुणाचंही नाव लिहिणार नाही. पक्षकाराचं गुपित राखायचं बंधन तुम्हाला कायद्यानं आहे. टंकलेखकाला ते कुणी घातलेलं नाही, पण मी आजवर पाळत आलो. ओळख पटेल असं काही खाली ठेवलेलं नाही. मुलीचं लिहितोय ते तिला विचारून.

२००९ ची गोष्ट असेल. एक साहेब नवऱ्याच्या बाजूची कैफियत, म्हणजे बायकोच्या अर्जाला लेखी उत्तर, सांगत होते, मी उतरवत होतो. कलम ४ असं होतं : ‘यातील अर्जदार हिचे विवाहापूर्वीपासून परपुरुषाशी अनैतीक संबंध असून ती कोणासही न सांगता वारंवार माहेरी मौजे मोहोळ येथे निघून जात असे.’ ‘अनैतिक’मधली ‘ति’ माझ्याकडून दीर्घ पडली. काम त्याच दिवशी कोर्टापुढं होतं, घाई होती, कुणी पाहिलं नाही. फाईल कॉम्प्युटरमध्ये राहिली. पुढच्या खेपेला साहेब म्हणाले, “अण्णा, ते मागचं कलम चार घ्या.” नंतर त्यांचे ज्युनियर आले, पेन ड्राइव्हवर घेऊन गेले. पुढं त्या ज्युनियरांचे ज्युनियर आले. ते कलम एकूण किती बायकांच्या नावावर चढलं, मी मोजलं नाही. मजुरी पानावर मिळते, मजकुरावर नाही.

माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी सासरहून परत आली. पोटगीचा अर्ज केला, नवऱ्याची कैफियत दाखल झाली. तिनं नक्कल घरी आणली, ओट्यापाशी उभं राहून वाचली आणि काही न बोलता माझ्यापुढं ठेवली. कलम ४. ‘अनैतीक’, दीर्घ ‘ती’सकट. आणि माहेर मौजे मोहोळ.

आम्ही सोलापूर शहरातले. मोहोळला आमचं कुणी नाही.

“बाबा, मोहोळला कोण राहतं?” तिनं विचारलं. मला उत्तर माहीत होतं आणि तेच सांगता येत नव्हतं.

ज्यांनी ही कैफियत दाखल केली, त्यांनी या मुलीला शाळेच्या गणवेशात माझ्या टेबलापाशी डबा खाताना पाहिलंय. ही त्याच अण्णांची मुलगी, हे त्यांना दाखल करताना ठाऊक नव्हतं असं ते म्हणाले, आणि मी विश्वास ठेवतो. मजकूर वाचला असता तर लक्षात आलं असतं. चहा पिताना त्यांनी तोडगाही सुचवला : “हवं तर दुरुस्ती अर्ज देतो, मोहोळ काढून टाकतो.”

मोहोळ काढणार. बाकीचं राहणार.

तर माझं पहिलं गाऱ्हाणं तुमच्या लेखणीबद्दल आहे, आणि तेच सगळ्यात मोठं आहे.

तुम्ही म्हणता, पक्षकार सांगतो ते आम्ही लिहितो. साहेब, मी टेबलाच्या अलीकडं बसलेला असतो. पक्षकार काय सांगतो ते मलाही ऐकू येतं. नवरा सांगत असतो, ती आईशी धड बोलत नाही, माझ्या पगारावरून टोमणे मारते, सारखी मोबाईलमध्ये असते. तुम्ही म्हणता, “एवढ्यावर नाही भागत. जरा वजन पाहिजे.” आणि कलम ४ येतं. नवरा खाली मान घालून बसतो. एकदा एक जण हळूच म्हणाला होता, “साहेब, तसं काही नव्हतं हो.” त्याला उत्तर मिळालं, “असू द्या, तडजोडीला उपयोगी पडतं.”

बायकोच्या बाजूचंही ठरलेलं कलम आहे. नाही कशाला म्हणू? लग्न होऊन पुण्याला गेलेली नणंद, अंथरुणाला खिळलेली आजेसासू, बारावीतला दीर, सगळ्यांनी संगनमत करून पाच लाखांची मागणी केलेली असते. रक्कम गेल्या पंधरा वर्षांत वाढलेली नाही, त्यावरूनच कळतं की ती कुठल्या घरातून आलेली नाही, फाईलमधून आलीये. खरी मारहाण झालेली बाई येते, तेव्हा तिचं खरं कलमही याच गर्दीत जाऊन बसतं आणि वाचणाऱ्याला सारखंच दिसू लागतं. खोट्या कलमाचा सगळ्यात मोठा भुर्दंड तिलाच पडतो.

वकील कायदा १९६१ चा. त्याच्या कलम ४९ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियानं वागणुकीचे नियम केले आहेत. मी कायदा शिकलेलो नाही, पण हे नियम एका ज्युनियरच्या भाषणासाठी मीच टाईप करून दिले होते. नियम ४ म्हणतो, वकिलानं स्वतःला पक्षकाराचं नुसतं तोंड समजू नये. स्वतःचा विवेक वापरावा, पक्षकाराला गैरमार्गापासून रोखावं, तो ऐकतच नसेल तर त्याचं काम सोडावं, आणि दाव्या-कैफियतीत समोरच्यावर शिवराळ हल्ले करू नयेत. शिवराळपणा शिव्यांनीच होतो असं नाही. शुद्ध सरकारी मराठीतही होतो. ‘अनैतीक संबंध असून’ यात एकही शिवी नाही.

शिवाय तुमच्याच पक्षकाराचं यात नुकसान आहे. भाटे विरुद्ध भाटे, २००३, सर्वोच्च न्यायालय. नवऱ्यानं कैफियतीत बायकोच्या चारित्र्यावर आरोप लिहिले होते, पुढं दुरुस्ती करून ते काढूनही टाकले. न्यायालय म्हणालं, असे आरोप हीच क्रूरता आणि ते मागं घेतल्यानं झालेली इजा पुसली जात नाही. म्हणजे तडजोडीला उपयोगी पडावं म्हणून घातलेलं कलम ४ तुमच्या पक्षकाराविरुद्ध घटस्फोटाचं कारण होऊ शकतं. मोहोळ काढून काय होणार, ते यावरून समजावं.

आणि सत्यापन. ‘वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे.’ सोलापुरात हे वाक्य किती वेळा खरं असतं? शहराच्या पूर्व भागातली बाई घरात तेलुगू बोलते, अक्कलकोटकडची कन्नड. मराठी बाजारापुरतं. तिच्याकडून वीस पानांच्या अर्जावर खुणेच्या ठिकाणी सह्या घेतल्या जातात, “इथं, इथं आणि इथं.” वाचून कुणी दाखवत नाही. उलटतपासणीत समोरचा वकील विचारतो, “हे तुम्हीच लिहिलंय ना?” आणि ती गोंधळून स्वतःच्याच वकिलाकडं बघते. तिथंच तिची निम्मी केस जाते.

आता पैसे. यात मीही गुन्हेगार आहे.

कुंभारीकडून विड्या वळणारी एक बाई पोटगीच्या अर्जासाठी आली होती. वकिलांनी फी सांगितली आणि वर ‘स्टँपचे तीन हजार’ वेगळे घेतले. महाराष्ट्र शासनानं १९९४ साली अधिसूचना काढून पोटगी आणि घटस्फोटाच्या कामात स्त्रियांना कोर्ट फी माफ केलेली आहे. तुम्हाला ते पाठ आहे, मला तर अर्जाच्या माथ्यावर त्याची ओळ टाईप करायची इतकी सवय आहे की झोपेतही करेन. त्या दिवशीही केली. माझ्याच हातानं ‘कोर्ट फी माफ’ लिहिलं आणि समोर ती बाई पदराच्या गाठीतून स्टँपचे तीन हजार मोजत होती. हजार विड्यांमागं मजुरी किती मिळते हे ठाऊक असलेल्यानं तीन हजारांचा हिशेब करून बघावा. मी तोंड उघडलं नाही. वकीलसाहेबांचं महिन्याचं काम माझ्याकडं होतं.

तिला आणखी एक गोष्ट कुणी सांगितली नाही, मीही नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणं स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण सोलापुरातही आहे. १५१०० हा फोन आहे. हे पत्र कुणा बाईच्या हाती पडलं तर निदान एवढा आकडा लिहून ठेवा.

इंग्लंडच्या बॅरिस्टराचं आपल्याकडं फार कौतुक. जुन्या सोलापूरकरांना अजून वकिलापेक्षा बॅरिस्टर म्हटलं की भारदस्त वाटतं. पण तिथल्या बॅरिस्टराला पक्षकाराचे पैसे स्वतःकडं सांभाळायला ठेवायची मुभाच नसते. ती जबाबदारी सॉलिसिटरची, आणि त्याच्यावरही हिशेबाचे कडक नियम. आपल्याकडं एकच माणूस स्टँपचे पैसे घेतो, अर्ज लिहितो, युक्तिवाद करतो आणि तडजोडीची रक्कमही स्वीकारतो. म्हणून तर आपल्या नियम २५ आणि २६ मध्ये आहे की, पक्षकाराच्या पैशाचा तारीखवार हिशेब ठेवा, कुठली रक्कम फी आणि कुठली खर्चाची ते दाखवा, खर्चाची रक्कम पक्षकाराच्या लेखी संमतीशिवाय फीत वळवू नका. मागेल तेव्हा त्याला हिशेबाची प्रत द्या, असंही पुढं आहे. इतक्या वर्षांत माझ्याकडं हजारो कागद टाईप झाले. पक्षकाराला द्यायची पावती टाईप करायला किती वकील आले? दोन. त्यातले एक आता हयात नाहीत.

फाईलचं थोडक्यात सांगतो, कारण यात वादाला जागा नाही. पक्षकाराला वकील बदलायचा असतो. तुम्ही म्हणता, राहिलेली फी आण, मग ना-हरकत देतो, मग कागद देतो. आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की फीपोटी वकिलाला फाईल अडकवून ठेवता येत नाही. फी वसूल करायची तर रीतसर करा. आणि नियम ३९ प्रमाणं आधीच्या वकिलानं ना-हरकत दिली नाही, तरी कारण सांगून कोर्टाच्या परवानगीनं नवा वकील उभा राहू शकतो. हे पक्षकाराला ठाऊक नसतं आणि नवा वकील ‘आपल्यातलाच आहे’ म्हणून सांगत नाही. माझ्या मुलीच्या पहिल्या वकिलांनी तिचे लग्नाचे फोटो आणि पगाराच्या स्लिपा चार महिने दिल्या नाहीत. त्या चार महिन्यांत दोन तारखा फुकट गेल्या. ते माझ्या ओळखीचे, म्हणून मी भांडलो नाही. ओळखीचा उपयोग असा झाला.

रजनेश विरुद्ध नेहा. ४ नोव्हेंबर २०२०. मूळ प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलं. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पोटगीच्या कामात दोन्ही बाजूंनी मालमत्तेचं आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यायचं, अंतरिम पोटगीचा अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करायचा, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. शपथपत्राचे नमुनेही जोडून दिले, शेती करणाऱ्यांसाठी वेगळा.

या नमुन्याचं सोलापुरात काय झालं ते माझ्या टेबलावरून छान दिसतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग असलेल्या घरातला मुलगा शपथेवर सांगतो की तो दुसऱ्याच्या मागावर रोजंदारीनं आहे. माग आईच्या नावावर. मोटरसायकल मित्राची. माळशिरसकडचा बागायतदार शेतीचा नमुना भरतो आणि उसाच्या रकान्यात ‘निरंक’ लिहून घेतो. विहीर असते, पाणी असतं, कारखान्याची बिलं असतात. हे तुम्ही जाणूनबुजून लिहिता असं सरसकट म्हणत नाही. पण “बँकेचं पासबुक आणा, त्याशिवाय मी शपथपत्र करणार नाही” असं म्हणणारे वकील मी पाहिलेत, त्यामुळे तसं म्हणता येतं हे मला माहीत आहे. त्यातल्या एका मॅडमकडचा पक्षकार उठून गेला. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, “जाऊ दे अण्णा, पुढचा अर्ज घ्या.” एवढंच.

मुलांबद्दल एकच ओळ लिहितो, जास्त लिहवत नाही. ‘पोटगी मागं घे, मग पोरगं भेटवतो’ आणि ‘पैसे जमा कर, मग पोरगं दाखवते’ ही दोन्ही वाक्यं मी वकिलांच्याच तोंडून निरोप म्हणून ऐकली आहेत.

आता दिवाणीकडं येतो. तिथं रडारड कमी दिसते, पण सह्या फार महाग असतात.

हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला. २०२० साली विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की २००५ ला वडील हयात असणंही जरूर नाही. कायदा बदलला तशी माझ्याकडची हक्कसोडपत्रं वाढली. रस्त्यात जमीन जाणार, मोबदला येणार अशी कुणकुण लागली की त्या गावच्या बहिणींना बोलावणं जातं. साडी घेतलेली असते, जेवण झालेलं असतं.

दक्षिण सोलापूर तालुक्यातली अशीच एक बहीण. कागद भावाच्या वकिलानं केला, ओळख त्याच वकिलानं दिली. तिनं माझ्याच टेबलापाशी विचारलं, “सही कशाची?” वकील म्हणाले, “सात-बाऱ्याचं काम आहे, ताई.” खोटं नव्हतं. सात-बाऱ्यावरून तिचं नाव काढायचं काम होतं. दोन वर्षांनी तिनं ते पत्र रद्द करून मागायला दावा लावला, तेव्हा भावाच्या बाजूनं कोण उभं होतं? तेच. एकदा ज्याच्यासाठी काम केलं त्याच्याविरुद्ध उभं राहू नये, असं नियम ३३ सांगतो. त्यांचं म्हणणं, मी तिचं काम केलंच नव्हतं, मी भावाचाच वकील होतो. बरं. मग त्या दिवशी त्या बाईचा वकील कोण होता? ताई म्हणून उत्तर कोणत्या नात्यानं दिलं? दुसऱ्या बाजूला वकीलच नाही म्हटल्यावर तिला स्वतः काही सांगायच्या आधी ‘मी तुमचा नाही, तुमचा वेगळा वकील गाठा’ हे एक वाक्य सांगायला काय पडतं? पडतं. सही पडत नाही.

मुदत अर्जांबद्दल फार बोलणार नाही, कारण तो सगळा दोष तुमच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या राहतात, समन्स बजावून येत नाही, बेलिफ कमी आहेत, हे मी रोज बघतो. फक्त एक सांगतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ मध्ये लिहिलंय की सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या नाहीत आणि वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलाय हे कारण चालणार नाही. माझ्याकडं मुदत अर्जाचा जो नमुना सगळ्यात जास्त खपतो, त्यातलं कारण आहे : ‘वकील दुसऱ्या कोर्टात कामात व्यस्त असल्याने’.

हे सगळं आज का लिहितो? एक कारण मुलगी. दुसरं १४ मे २०२४ चं. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की वकिलाच्या सेवेतल्या उणिवेबद्दल ग्राहक न्यायालयात जाता येणार नाही. तुमच्याकडं त्या दिवशी समाधान होतं, साहजिक आहे. हरलेला प्रत्येक पक्षकार वकिलावर दावा ठोकू लागला तर वकिली करणं अवघड, हे मलाही पटतं. पण एक दार बंद झालं, तेव्हा दुसऱ्याची बिजागरी तरी हलती हवी. दुसरं मोठं दार म्हणजे वकील कायद्याच्या कलम ३५ खाली राज्याच्या बार कौन्सिलकडं, म्हणजे मुंबईला, तक्रार. तिथं समज देण्यापासून सनद काढून घेण्यापर्यंत शिक्षा आहे. कलम ३६ब प्रमाणं ती तक्रार एक वर्षात निकाली निघाली पाहिजे, नाहीतर दिल्लीच्या कौन्सिलकडं जाते. विडी वळणारी बाई तीन हजारांसाठी मुंबईला किती खेपा घालेल? एका खेपेचा खाडा आणि गाडीभाडं धरलं तरी तिला ते परवडत नाही, आणि हे सगळ्यांना माहीत आहे.

मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या खंडपीठासाठी सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी कित्येक वर्षं आंदोलन केलं. सोलापूरचे वकीलही त्यात होते. लाल फिती लावल्या, कामकाजापासून दूर राहिले. तेव्हा माझाही धंदा बसला, पण मी तक्रार केली नाही, कारण मागणी रास्त होती : पक्षकाराला मुंबई लांब पडते. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं, मी पेढे खाल्ले. आता त्याच तोंडानं विचारतो, तुमच्याविरुद्धच्या तक्रारीसाठी मुंबई लांब पडत नाही का?

मागण्या साध्या आहेत. त्यांना पैसे लागत नाहीत, नवा कायदाही लागत नाही.

चारित्र्याबद्दल किंवा मारहाणीबद्दल आरोप लिहायचा असेल तर पक्षकारानं आधी स्वतःच्या शब्दांत, केव्हा, कुठं, कुणासमोर हे सांगितलेलं टिपण तुमच्या फाईलला असू द्या. ते टिपण नसेल तर ते कलम नको. अर्ज पक्षकाराला कळणाऱ्या भाषेत वाचून दाखवा आणि कुणी वाचून दाखवला त्याचं नाव सत्यापनाखाली घाला. तेलुगू-कन्नड येणारे तरुण वकील सोलापुरात काही कमी नाहीत.

प्रत्येक पैशाची पावती, दोन रकान्यांची : फी आणि खर्च.

पोटगी-घटस्फोटात स्त्रियांना कोर्ट फी माफ, मोफत वकील, १५१०० हा क्रमांक, याची पाटी आवारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत लावा. पाटीचा मजकूर मी फुकट टाईप करून देतो.

वकील बदलणाऱ्याचे कागद आठ दिवसांत परत. फीचा वाद वेगळा चालवा.

हक्कसोडपत्राला बहिणीचा वेगळा वकील, आणि त्याची सही कागदावर. खर्चाची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरण आहेच.

आणि वकील संघानं बार कौन्सिलकडं ठराव करून मागावं की आपल्या सहा जिल्ह्यांतल्या तक्रारींची सुनावणी कोल्हापुरात किंवा आळीपाळीनं जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावी. खंडपीठाचे ठराव मीच टाईप केले होते, त्यामुळे मसुदा कसा असतो ते ठाऊक आहे. फक्त नाव बदलावं लागेल.

तुमच्यात चांगले वकील नाहीत असं या पत्रावरून कुणी समजू नये. भावाभावांना सहा महिने ऑफिसात बसवून वाटणी करून देणारे आणि दाव्याची फी बुडाली म्हणून हसणारे मी पाहिलेत. गरोदर मुलीच्या पहिल्याच तारखेला समोरच्या वकिलाला बाजूला घेऊन “आज उलटतपास नको” म्हणणारे पाहिलेत. हे पत्र त्यांनाही आहे, कारण शेजारच्या खुर्चीतलं कलम ४ त्यांनाही दिसतं आणि तेही माझ्यासारखंच बघून न बघितल्यासारखं करतात.

माझ्यापुरतं सांगतो. ती फाईल मी गेल्या शुक्रवारी माझ्या कॉम्प्युटरवरून पुसली. पेन ड्राइव्हवरच्या प्रती तुमच्याकडं आहेत. येत्या सोमवारपासून असलं कलम टाईप करून हवं असेल तर पक्षकाराला माझ्या समोरच्या स्टुलावर बसवा. तो सांगेल तसं उतरवीन, त्यालाच वाचून दाखवीन, मग प्रिंट काढीन. ज्यांना घाई असेल त्यांच्यासाठी शेजारी टेबलं आहेत.

पानाचा दर तोच राहील.

आपला,
कोर्टाच्या आवारातला एक टंकलेखक
सोलापूर